ध्वनी उरतो, गती हरवते : केसरबाईंच्या तबकडीपासून पाचूबंदरच्या कॅसेटपर्यंत

१/
१६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत केसरबाई केरकर यांचे निधन झाले. त्याच्या अकराच दिवस आधी व्हॉयेजर १ हे यान अवकाशात झेपावले होते. व्हॉयेजर २ तर २० ऑगस्टलाच निघाले होते. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती आणि त्या तबकडीत केसरबाईंची भैरवी होती.

२/
गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या गायिकेचा स्वर ताऱ्यांकडे निघाला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. तबकडीच्या वेष्टनावर काय कोरले आहे, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. तबकडीची एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे पडावेत, अशी सूचना तेथे चिन्हांनी कोरलेली आहे.

३/
परक्या जगात ‘सेकंद’ कोणाला समजणार? म्हणून हायड्रोजनच्या अणूशी निगडित असा एक सूक्ष्म कालावधी एकक म्हणून निवडला गेला. एवढा खटाटोप कशासाठी? कारण ध्वनिमुद्रणात ध्वनी साठवलेला असतो. तो कोणत्या गतीने ऐकायचा, हे त्यात साठवलेले नसते. ते वेगळे लिहावे लागते.

४/
हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आणून पाहू. वसईचा किल्ला १७३९ च्या मोहिमेमुळे, चिमाजी अप्पांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या विजयानंतर वसईहून नेलेल्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहे. घंटा गाव बदलून गेली, पण तिचा स्वर बदलला नाही. तो धातूतच ओतलेला होता.

५/
गाण्याचे तसे नसते. किल्ल्यालगतच पाचूबंदर आहे : होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी यांचा कोळीवाडा. अशा वस्त्यांतील हळदीची आणि लग्नाची गाणी छापील पुस्तकांत कमी आणि बायकांच्या कंठात अधिक राहिली. ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आला, त्यांच्याकडे ती कॅसेटवर उतरली.

६/
आता नवी पिढी ती कॅसेट संगणकावर घेते, संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आणते आणि खाली ठेका लावते. पहिली दोन आवर्तने जुळतात. मग आजीचा आवाज पुढे पळतो आणि ठेका मागे राहतो. चूक कोणाची? उत्तरासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

७/
१८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ बनवला आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट मिळवले. आरंभीचे ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत. हात जलद फिरला की गाणे जलद होई आणि स्वरही चढे. लय आणि पट्टी ही गायकाच्या गळ्यात दोन स्वतंत्र अंगे असतात. यंत्राने ती एकाच दांड्याला बांधली.

८/
१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये गौहर जानचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला. तेथील कामगारांना गायक ओळखता यावा, म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे. नाव अशा रीतीने ध्वनीत मुद्रित झाले. यंत्राची गती मात्र कोणीच उच्चारली नाही.

९/
‘७८ ची रेकॉर्ड’ हा शब्द पुढे रूढ झाला, पण त्या काळच्या सगळ्या तबकड्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या. समजा, एखादी तबकडी ७४ फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि आज ७८ वर वाजवली. तीन मिनिटांचे गाणे २ मिनिटे ५१ सेकंदांत संपेल. काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येईल.

१०/
म्हणजे ज्या गायकाच्या ‘उंच, पातळ’ आवाजाची आपण चर्चा करतो, तो आवाज कदाचित मोटारीचा असेल. ज्या द्रुत लयीचे कौतुक होते, ती कदाचित थोडी उसनी असेल. म्हणूनच जाणते संग्राहक तबकडी ऐकण्यापूर्वी तिचा खरा वेग शोधतात. या छंदाला अभ्यासाची शिस्त देणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली.

११/
चित्रपटातही हेच घडले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे छायाचित्रण त्र्यंबक तेलंगांनी हाताने कॅमेरा फिरवून केले. मूकपटाचा वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालत असे. माणसे लगबगीने चालताना दिसत, एवढेच. बोलपट आल्यावर ही मुभा संपली. पट्टी जराशी धावली तरी आवाज बदलू लागला.

१२/
त्यामुळे बोलपटासाठी सेकंदाला २४ चित्रे हा वेग पक्का झाला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठीत बोलू लागला तो याच शिस्तीत. पुढे पार्श्वगायन रूढ झाले आणि गाणे आधी मुद्रित होऊ लागले. ओठ, पावले आणि कॅमेरा या सर्वांना त्या गाण्याच्या मागे जावे लागले. मुद्रित ध्वनी कोणासाठी थांबत नाही, हा धडा चित्रपटसृष्टीने लवकर शिकला.

१३/
याच काळात मुंबईचे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) संगीत टिकवण्याचा दुसरा मार्ग आखत होते : स्वरलिपी. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त बंदिशीचे स्वर, मात्रा, सम आणि खाली लिहिलेली आहे, घड्याळाचा काळ लिहिलेला नाही. एकच बंदिश सावकाश गा, जलद गा. स्वर तेच राहतात.

१४/
एक ध्वनी आणि दुसरी सूचना. तबकडीत गायकाचा श्वास आहे, पण लय गोठलेली आहे. स्वरलिपीत लय मोकळी आहे, पण श्वास नाही. आजच्या प्रत्येक संगीत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही वारसे शेजारी शेजारी नांदतात, आणि बहुतेक गोंधळ त्यांच्यातील फरक न ओळखल्यामुळे होतो.

१५/
१९८३ मध्ये आलेली मिडी ही पद्धत स्वरलिपीच्या कुळातली आहे. कोणता स्वर, कितव्या मात्रेवर, किती जोराने, एवढेच त्यात असते. प्रोजेक्टचा टेम्पो मिनिटाला १२० मात्रांवरून १०० वर आणला की मिडीतील सर्व वाद्ये निमूटपणे मंदावतात. मुद्रित आवाज तबकडीच्या कुळातला. तो आपल्याच वेगाने गात राहतो.

१६/
गणित सोपे आहे. ४ मात्रांचा एक बार धरला तर १२० च्या टेम्पोत १७ वा बार ३२ व्या सेकंदाला सुरू होतो, १०० च्या टेम्पोत ३८.४ व्या सेकंदाला. आता १७ व्या बारवर ठेवलेल्या आवाजाचे काय व्हावे? त्याला बारशी बांधले असेल, तर तो सुरू योग्य जागी होईल, पण लगेच पुढे पळेल. घड्याळाशी बांधले असेल, तर तो ३२ व्या सेकंदालाच, भलत्याच मात्रेवर उमटेल.

१७/
तिसरा पर्याय आवाज ताणण्याचा : १० सेकंदांचा तुकडा १२ सेकंदांचा करायचा, पण पट्टी बदलू द्यायची नाही. लय आणि पट्टी यांना बांधणारा दांडा तोडण्याची ही कल्पना जुनी आहे. डेनिस गॅबॉरने १९४० च्या दशकात ध्वनीचे सूक्ष्म कण कल्पिले. १९५० च्या दशकात जर्मनीत फिरत्या हेडची टेपयंत्रे झाली. ती ध्वनीचे बारीक तुकडे पुन्हा वाजवीत किंवा गाळीत.

१८/
१९६६ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी फेज व्होकोडर मांडला. ध्वनीचे असंख्य अरुंद पट्ट्यांत पृथक्करण करून त्याची नव्या कालमानात पुनर्रचना करणारी ही रीत होती. ती घरच्या संगणकावर येण्यास आणखी तीन दशके लागली. १९९४ चे रीसायकल ठेक्याचे तुकडे पाडून देई. १९९८ च्या ॲसिडमध्ये ठेके प्रोजेक्टच्या टेम्पोला आपोआप जुळू लागले.

१९/
२००१ मध्ये एबलटन लाइव्ह आले, २००७ मध्ये प्रो टूल्समध्ये इलॅस्टिक ऑडिओ आणि २००९ मध्ये लॉजिकमध्ये फ्लेक्स टाइम. आता कोणताही आवाज कोणत्याही टेम्पोत बसवता येतो. किंमत मात्र मोजावी लागते. फार ताणले की ढोलकीच्या थापेची धार बोथट होते आणि स्वराची आस कापरी होते.

२०/
त्याहून मोठी किंमत कानाला चटकन कळत नाही. हळदीचे गाणे घड्याळ लावून गायले जात नाही. समजा, ते ९६ मात्रांवर सुरू होते आणि नाच रंगत जाता ११२ वर पोहोचते. सॉफ्टवेअरने सगळे १०४ वर सरळ केले, तर सुरुवातीची सावकाशी ओढली जाते आणि शेवटचा वेग दाबला जातो. स्वर शिल्लक राहतात, शब्दही राहतात. गाण्याची चढण सपाट होते. ती चढण म्हणजेच त्या रात्रीचा इतिहास असतो.

२१/
उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे : टेम्पोचा नकाशा. मूळ आवाजाला हात लावायचा नाही. गाणे ऐकत प्रत्येक समेवर खूण करायची. दोन खुणांमधील अंतरावरून सॉफ्टवेअर त्या त्या आवर्तनाचा टेम्पो ठरवते. मग प्रोजेक्टच गायिकेच्या मागे चालते आणि नवा ठेका तिच्याबरोबर वाढत जातो. तबल्याची किंवा ढोलकीची साथ करणारा कलावंत पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला आहे.

२२/
पण नकाशा आखण्यापूर्वी कॅसेटचा खरा वेग सापडायला हवा. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, प्रत्यक्षात सेल उतरले की मोटार रेंगाळे. मंद मोटारीवर मुद्रित झालेली टेप चांगल्या यंत्रावर लावली, तर आवाज वर चढतो. संगणकाची स्वतःचीही एक चूक असते : सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची फाइल ४८,००० ची समजून वाजवली, तर गाणे जवळजवळ ९ टक्के जलद होते आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, चढते.

२३/
खऱ्या वेगाचे साक्षीदार बहुधा गाण्याच्या मागे उभे असतात. भारतातील वीज ५० हर्ट्झची. मुद्रण करताना टेपरेकॉर्डर विजेवर चालला असेल आणि तिची गुणगुण टेपवर उतरली असेल, तर ती मोजता येते; ती ५२ वर भरली, तर टेप ४ टक्के जलद चालली आहे. पेटीचे सूर ठरलेले असतात. लग्नातील बँडच्या पितळी वाद्यांची पट्टीही फारशी हलत नाही.

२४/
आणि वसईच्या कॅसेटवर कधी दुरून चर्चची घंटा उमटलेली असू शकते. ती घंटा अजून जागेवर असेल, तर आज तिचा स्वर मोजायचा आणि टेपवरच्या स्वराशी ताडून पाहायचा. जो फरक येईल, तेवढी टेपची चूक. माणसाचा आवाज वयाने बदलतो, टेप पट्टी बदलते. घंटा बदलत नाही.

२५/
म्हणून जुनी कॅसेट संगणकावर घेताना पहिली प्रत जशीच्या तशी जपावी. तिच्यासोबत कोणत्या यंत्रावर वाजवली, सेकंदाला किती नमुने घेतले, वेगात किती टक्के दुरुस्ती केली आणि ती कशाच्या आधारे, हे लिहून ठेवावे. ठेका, ताण आणि सजावट यांचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर खुशाल करावेत.

२६/
केसरबाईंच्या भैरवीसोबत तिची गती कोरून पाठवली गेली, कारण ऐकणारा अनोळखी असणार हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. पाचूबंदरच्या हळदीची कॅसेट पन्नास वर्षांनी ऐकणारा नातूही त्या रात्रीला अनोळखीच असेल. त्याच्यासाठी वेष्टनावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात.