माळरान (खंडाळा तालुका)

माळरान : गवताचा आणि विखुरलेल्या काटेरी झाडांचा मोकळा मुलूख. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यान पसरलेल्या खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याशेजारचे खंडाळे ते निराळे) पूर्वेकडे लोणंदच्या दिशेने असे माळ लागतात आणि पुढे फलटण-माणपर्यंत जातात. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून साठेक किलोमीटरवरचे लोणंद मात्र पर्जन्यछायेत.

साताऱ्याच्या जैवविविधतेची गोष्ट निघाली की कासचे पठार (२०१२ पासून जागतिक वारसा), कोयनेचे रान आणि सांगलीच्या बाजूचे चांदोली एवढीच नावे पुढे येतात. माळाला कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, केंद्र सरकारच्या नकाशासंग्रहात पडीक जमीन. पडीक म्हटले की तिथे कारखाना काढा, सौर पट्ट्या उभारा नाहीतर झाडे लावा, सगळेच पुण्याचे काम ठरते.

इथे पूर्वी घनदाट जंगल होते, कुऱ्हाडीने ते उजाड झाले, असा सरसकट समज आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा आणि चरित्रे यांतल्या रानवनस्पती तपासल्या. ४४ जाती ओळखू आल्या आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या 'आदिपर्व' या मराठी ग्रंथात तर नीरेच्या खोऱ्याचेच वर्णन आहे : माणसांची वस्ती नाही, झाडे काटेरी, पण गवत मुबलक, म्हणून गुराखी तिकडे ओढले गेले. म्हणजे हा माळ इंग्रजांच्या काळात झालेली जखम नव्हे, तो मुळातच असा आहे.

पावसाळ्यानंतर माळ नीट पाहावा. कुसळी गवताच्या दाण्याला लांब शेपूट असते. दव पडले की त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने दाणा गिरमिटासारखा मातीत उतरतो. तोच दाणा धोतरात, मोज्यात आणि मेंढीच्या लोकरीत रुततो. गवतात मारवेल आणि पवन्या, झाडांत हिवर, बोर, तरटी, मधूनच पिवळा तरवड. चंडोल, धाविक आणि माळटिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवरच असतात. दाट झाडी त्यांच्या कामाची नाही. लांडगा, खोकड, तरस आणि चिंकारा हे या भूभागाचे प्राणी. चिंकाऱ्यासाठी नीरेपलीकडे, बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. माळढोक मात्र राज्यातून जवळपास गेलाच.

माळ टिकला तो चराईमुळे. दख्खनी मेंढीच्या एका वाणाला लोणंदचेच नाव आहे. धनगरांचे वाडे (कळपांसह फिरते मुक्काम) गवत संपेल तसे पुढे सरकतात, शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, रात्री वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून कळप आत घालतात आणि लेंड्यांचे खत शेताला मिळते. लांडगा अधूनमधून कोकरू उचलतो. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत वाडा पुढच्या गावी गेलेला असतो. चराई सरसकट बंद केली की माळ सुधारतोच असे नाही. कासला लोखंडी जाळीचे कुंपण घातले, गुरे आत जायची थांबली, उंच गवत माजले आणि फुले घटल्याची तक्रार झाली. अखेर जाळी काढावी लागली.

आता संरक्षणाचे. सर्वांत मोठा धोका चांगल्या हेतूने येतो, तो खड्डे खणून सरसकट केलेल्या वृक्षारोपणाचा. गिरिपुष्प लवकर वाढते, हिरवे दिसते, म्हणून माळांवर त्याच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. त्याच्या दाट सावलीत गवत मरते. झाडे लावायचीच तर गावात, बांधावर, ओढ्याकाठी लावावीत. दुसरा रेटा जमिनीच्या भावाचा. शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहती आणि पुणे-बंगळुरू महामार्ग यांमुळे तो चढला, आणि धोम-बलकवडीच्या कालव्याने पाणी आले तिथे माळ नांगराखाली गेला. कालव्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे. दुष्काळी तालुक्याने पाण्याची वाट फार पाहिली आहे. उरलेली गायराने आणि वनखात्याचे माळ तरी गवत म्हणूनच राखावेत, एवढे मागणे रास्त आहे.

कायद्यात त्याची सोय आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर नोंदवह्यांची घाई उडाली आणि अनेक ठिकाणी कागदच तेवढा भरला. माळाच्या गावी नोंदवही करताना गवतांची स्थानिक नावे, टिटवीच्या अंड्यांच्या जागा, लांडग्याची घळ (जाहीर पानावर नव्हे) आणि वाड्यांच्या मुक्कामाच्या वाटा लिहून घ्यायला हव्यात. ही माहिती मेंढपाळांकडे असते, आणि गावात कायम घर नसल्याने समितीत बहुधा त्यांचेच नाव नसते.