लुगडें आणि बॅलेचा झगा

नर्तकीचा वेष ही निव्वळ शोभेची बाब आहे, असें समजण्याचा प्रघात आहे. परंतु नृत्यांत काय पाहावयाचें आणि काय ऐकावयाचें, हें एखाद्या समाजानें कसें ठरविलें, याची साक्ष तो वेषच देत असतो. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या नाट्यगृहांतील बॅलेचा झगा आणि भीमा-नीरेच्या कांठचें तमाशाच्या फडांतील लुगडें, हीं दोन वस्त्रें एकाच काळीं नांदत होतीं. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतां दोहोंचाहि स्वभाव उमगतो.

बारामती हें मोरोपंतांचें (१७२९–१७९४) गांव. नाईकांच्या आश्रयानें तेथें राहून पंतांनीं आर्या रचिल्या, आणि त्या कीर्तनांतून लोकांच्या कानीं घातल्या सोलापूरच्या रामजोशांनीं. हे रामजोशी नामांकित लावणीकारहि होते. म्हणजे कीर्तनकाराचें उपरणें आणि फडाची ढोलकी, दोहोंशींहि या मुलुखाचा परिचय जुना. तमाशांत स्त्रीचें काम त्या काळीं बहुधा ‘नाच्या पोऱ्या’ करी. लुगडें नेसून, चोळी घालून मुलगाच नाचत असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि वाड्यांतील बिदागी संपली. पुढें फडांची भिस्त गांवोगांवच्या जत्रांवर राहिली. आणि गांवें तरी कोणत्या स्थितींत होतीं? इंदापूर तालुक्यांत जमिनी पडीक पडल्या होत्या, सारा झेपत नव्हता. म्हणून इंग्रज सरकारला १८३६ सालीं तेथें नवी जमाबंदी करून दर उतरवावे लागले. अशा मुलुखांत दरबारी थाटाचा भरजरी पोषाख किती दिवस टिकणार?

परंतु लुगड्याचें बळ जरींत नव्हतें, तें नेसण्यांत होतें. नऊ वारांचा हा एकच पट. त्याला शिंपी नको, गुंडी नको. निऱ्या घालून कासोटा मागें खोंवला, कीं तेंच वस्त्र धावण्यास, बसण्यास, गिरकी घेण्यास मोकळें होतें. पाय झांकलेले असतात, पण अडत नाहींत. आणि त्या पायांत चाळ बांधलेले असतात. ढोलकीच्या बोलाला चाळांनीं दिलेला जबाब हेंच पदन्यासाचें मर्म. जत्रेच्या गर्दींत अगदीं मागें बसलेल्या माणसाला नर्तकीचा पाय दिसला नाहीं तरी ऐकूं येतो.

युरोपांत याच सुमारास उलट दिशेनें प्रवास चालला होता. १८३२ सालीं पॅरिसच्या ऑपेरांत ‘ला सिल्फीद’ या बॅलेंत मारी ताल्योनी ही नर्तकी पांढऱ्या, तलम, घंटेच्या आकाराच्या झग्यांत अवतरली. घट्ट आंवळलेली कंबर, उघडे खांदे आणि खालीं फुललेला घेर ही तत्कालीन उच्चकुलीन स्त्रियांचीच ढब होती. झगा मात्र घोट्याच्या वर आला होता, कारण चवड्यांच्या टोंकावर उभें राहण्याची तिची करामत प्रेक्षकांना दिसावयास हवी होती. इंग्लंडांत हीथकोटच्या यंत्रानें जाळीचें कापड स्वस्त केलेंच होतें. पुढें पायांचें कौशल्य जसजसें वाढलें, तसतसा झगा आखूड होत गेला, आणि शतकाच्या अखेरीस गुडघेहि उघडे पडले.

या तरलतेची किंमत फार मोठी पडली. नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले होते आणि अंगापासून दूर फुललेली मलमल क्षणांत पेट घेई. कापडाला आग न लागेल असें रसायन देण्याची युक्ति निघाली होती. परंतु त्यानें कापड ताठर आणि मळकट दिसे, म्हणून एमा लिव्री या तरुण नर्तकीनें तें नाकारिलें. १८६२ च्या नोव्हेंबरांत तालमीच्या वेळीं तिचा झगा पेटला. आठ महिने यातना भोगून, ऐन विशींत, ती वारली.

याच पॅरिसनें हिंदुस्थानी नर्तकीचेंहि एक स्वप्न रचिलें होतें. १८३० सालीं ताल्योनीनें रंगमंचावर ‘बायादेर’, म्हणजे देवदासी, उभी केली. १८३८ सालीं पुदुचेरीकडच्या खऱ्या देवदासी तेथें जाऊन नाचल्या, तेव्हां गोतिए या कवीनें त्यांजवर मोठ्या कौतुकानें लिहिलें. तथापि बॅलेच्या वेषांत त्यामुळें पालट झाला नाहीं. स्वप्नांतील देवदासी झगाच घालीत राहिली.

आपल्याकडे पालट झाला तो कापडांत. मुंबईस १८५४ सालीं पहिल्या गिरणीचा उपक्रम झाला, सोलापुरास १८७७ मध्यें गिरणी उभी राहिली, आणि गिरणीचें सूत व कापड खेडोपाडीं पोहोंचलें. शतक उलटतांना पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडांत पवळा नाचूं लागली. नाच्या पोऱ्याच्या जागीं स्त्री आली. लुगड्याची तऱ्हा मात्र तीच राहिली, आणि तीच शेतांत खुरपणाऱ्या बाईचीहि होती.

येथेंच या इतिहासांतील बोंच आहे. गृहिणी आणि नर्तकी यांचें नेसणें एक, तरी पायांत चाळ बांधतांच समाजानें एकीला घराबाहेर ठेविलें. पुढें विसाव्या शतकांत शहरांतील घरांनीं लुगडें टाकून पांचवारी पातळ पत्करलें. जें नेसणें घरानें सोडलें, तें फडानें संभाळलें. आज सुशिक्षित घरांतील मुली लग्नकार्यांत हौसेनें नऊवारी मिरवितात, पुष्कळदां शिंप्याकडून शिवून घेतलेली. ती मिरवितांना, जिला उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं तिनेंच घरची ही ठेव जतन केली, एवढें स्मरण तरी त्या घरांनीं ठेवावें.