सोळा आण्यांची जमीन

श्रीरामपूर परिसरातील कोणताही जुना सातबारा उतारा घेतला, तर त्यात ‘आकार’ या शीर्षकाखाली रुपये-पैशांत मांडलेली एक लहानशी रक्कम आढळते. प्रवरेच्या पाटाखालच्या ज्या जमिनीचे व्यवहार आज लाखांत होतात, तिच्यासमोर ही रक्कम थट्टेची वाटावी इतकी क्षुल्लक असते. आकार म्हणजे जमिनीवर ठरलेला सरकारी सारा. जमिनीची योग्यता इंग्रजी अर्थशास्त्राच्या परिभाषेतून मराठी दप्तराच्या परिभाषेत उतरवण्याचा जो प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला आणि प्रथम साफ फसला, त्याचाच हा अवशेष होय.

त्या प्रयत्नापूर्वी या मुलखात मोजणीची भाषा नव्हती असे मुळीच नाही. निजामशाहीत मलिक अंबरच्या बंदोबस्तातून आलेला ‘तनखा’ आणि पेशवाईत ठरलेला ‘कमाल’, म्हणजे पूर्ण आकारणी, हे दोन्ही शब्द कुलकर्ण्यांच्या दप्तरात रुळलेले होते. जमीन बिघा आणि चाहूर या मापांनी सांगितली जाई, आणि ही मापे अनेक ठिकाणी निव्वळ क्षेत्रफळाची नसून कसाचीही असत, त्यामुळे हलक्या जमिनीचा बिघा भारी जमिनीच्या बिघ्यापेक्षा मोठा धरण्याची रीत होती. लांबीरुंदी आणि योग्यता यांची अशी सरमिसळ नव्या राज्यकर्त्यांना गोंधळाची वाटली, परंतु ती ज्यांच्यासाठी होती त्यांना ती बिनचूक समजत होती.

1827-28 च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दख्खनच्या मोजणीचे काम आले. तो ज्या हेलिबरी महाविद्यालयात शिकला होता तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे, आणि रिकार्डोचा 1817 चा ग्रंथ तेव्हा अगदी ताजा होता. रिकार्डोच्या मते लागवडीचा सारा खर्च आणि भांडवलावरील नेहमीचा नफा वजा केल्यावर सुपीक जमिनीतून जे जास्तीचे उरते, तोच तिचा खरा खंड. आणि सरकारने त्यातूनच वाटा घेतला तर शेतीला धक्का लागत नाही. प्रिंगलने हा विचार शब्दशः अमलात आणण्याचे ठरवले, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढण्याचा घाट घातला आणि त्याच्या शेकडा 55 इतका सारा बसवला.

अडचण हिशेबातच होती. ज्या कुणब्याच्या घरचे बैल, घरची माणसे आणि घरचेच बी, ज्याच्या खळ्यावरून बलुतेदार आपापला वाटा उचलून नेत, त्याच्या शेतीत खर्च कोठे संपतो आणि नफा कोठे सुरू होतो हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. आकडे अर्थातच गावकामगार आणि कारकून यांच्याकडून आले, त्यांत लाचलुचपत शिरली, सारा डोईजड झाला आणि शेते ओस पडू लागली. प्रिंगलचे तर्कशास्त्र चुकले होते असे म्हणता येत नाही. मात्र ज्या आकड्यांवर ते उभे होते ते आकडेच या समाजात अस्तित्वात नव्हते.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूरपासून केलेल्या फेरआकारणीत हा हट्ट सोडून दिला, आणि डेव्हिडसनसह त्यांनी 1847 मध्ये सादर केलेल्या संयुक्त अहवालात नवी पद्धत कायम झाली. योगायोगाने मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोशही त्याच वर्षीचा आहे. पण मोलाविषयीच्या इंग्रजी कल्पनेला मराठीत खरे घर मिळाले ते कोशापेक्षा या अहवालात, असे म्हणण्यास जागा आहे.

या पद्धतीत निव्वळ उत्पन्नाचा प्रश्नच विचारला जात नसे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात माती उकरून तिची खोली हाताच्या मापाने मोजी आणि रंग व पोत पाहून तिची प्रत ठरवी. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी माती ही पहिली प्रत असून तिची योग्यता सोळा आणे धरली जाई; तेथून 14, 12, 10, 8, 6, साडेचार आणि 3 असे उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येई. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, वाहत्या पाण्याने धुपण्याची भीती, फाजील ओल असा एकेक दोष सापडला की नकाशातील त्या भागात खूण होई आणि जमीन एक प्रत खाली जाई. सर्व भागांच्या आण्यांची सरासरी म्हणजे त्या शेताची योग्यता. तालुक्याचा किंवा गावांच्या गटाचा कमाल दर बाजारपेठ, पाऊसमान आणि मागील वसुली पाहून वेगळा ठरे. हा दर एकरी एक रुपया असला तर आठ आण्यांच्या शेताला एकरी आठ आणे सारा पडे.

या मांडणीतले खरे शहाणपण असे की, तुलनेने ठरणारी योग्यता आणि रुपयांत ठरणारी रक्कम या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या. दर तीस वर्षांनी बदलायचा होता, प्रत मात्र शक्यतो कायम राहायची होती. शिवाय पाटीलकीपासून कुलकर्णपणापर्यंत वतनांचे वाटे गावात आधीपासूनच आणे-पैत मोजले जात असल्याने ‘सोळा आणे म्हणजे संपूर्ण’ हे कोणाला समजावून द्यावे लागले नाही.

दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली तेव्हा पुढे श्रीरामपूर म्हणून वाढलेल्या जागेवर केवळ जवळच्या बेलापूर गावाच्या नावाचे स्थानक होते. हा परिसर खऱ्या अर्थाने बदलला तो भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे होऊन प्रवरेचे कालवे वाहू लागल्यावर. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला आणि 1933 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शुगर मिल्सच्या कारखान्याभोवती टिळकनगर वसले. उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या आणि जमीन देणारा मालक ‘खंडकरी’ ठरला, ही तशी विपरीत गोष्ट, कारण एरवी खंड भरणारा तो खंडकरी. रिकार्डोच्या खंडात जमिनीच्या वाढत्या लाभाबरोबर वाढण्याचा गुण होता. करारातला खंड रुपयांत लिहिलेला असल्याने पाटाचे पाणी आणि उसाचा भाव यांमुळे जे जास्तीचे उरले ते मालकाच्या पदरात फारसे पडले नाही.

1 एप्रिल 1957 हा दिवस या इतिहासात दुहेरी महत्त्वाचा आहे. त्या दिवशी दशमान नाणी सुरू होऊन आणा हिशेबातून गेला, आणि त्याच दिवशी मुंबई कूळकायद्यानुसार कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्यांनी द्यावयाची किंमत आकाराच्या 20 ते 200 पट या मर्यादेत ठरायची होती. म्हणजे जो आण्यांतून निपजलेला आकार आधीच जुना झाला होता, त्यालाच जमिनीच्या किमतीचे माप करण्यात आले. कुळांना त्याचा लाभ झाला हे न्याय्यच झाले. पुढे 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, 1963 मध्ये स्थापन झालेले राज्य शेती महामंडळ त्या कसू लागले, आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळण्यास 2012 च्या सुमारास सुरुवात झाली.

आणा मात्र गेला नाही. पिकाचा अंदाज सांगणारी जुनी ‘आणेवारी’ सरकारी कागदात ‘पैसेवारी’ झाली, आठ आण्यांच्या जागी 50 पैशांची रेघ आली, तरी शेतकरी अजून आणेवारीच म्हणतात. रुपयांत लिहिलेला आकार आणि रुपयांत लिहिलेला खंड हे दोन्ही निरर्थक झाले. तुलनेचे माप नाणे बंद पडूनही टिकले. प्रिंगलच्या सिद्धान्तापेक्षा गावच्या आण्यावर भिस्त ठेवणारे गोल्डस्मिड आणि विंगेट या एका बाबतीत अर्थशास्त्र्यांपेक्षा अधिक दूरदर्शी ठरले.