छत्तीस सेलचा हिशेब

सौरऊर्जेचा इतिहास सांगताना आपण उपग्रहावरून थेट घराच्या गच्चीवर उतरतो. १९५४ मध्ये बेल लॅबने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला, १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर चढला, पुढे किंमत उतरली आणि पॅनेल घरोघर पोचले. या कथेत मधला समुद्र गळून जातो. माझ्या मते जमिनीवरच्या पॅनेलला घडवले ते घराच्या गरजेने नव्हे, तर माणसांपासून दूर, एकट्या पडलेल्या बॅटरीने. आणि अशी बॅटरी सर्वांत महाग पडत होती ती समुद्रावर.

अंतराळात पैशांचा प्रश्न नव्हता. व्हॅनगार्डवरची साधी बॅटरी काही आठवड्यांत संपली, सेलवरचा प्रक्षेपक १९६४ पर्यंत बोलत राहिला; एवढ्यासाठी कितीही मोजायची तयारी होती. जमिनीवर मात्र १९७० च्या सुमारास एका वॅटला शंभर डॉलरच्या आसपास पडत. रसायनशास्त्रज्ञ एलियट बर्मन यांनी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरून हा भाव वीस डॉलरच्या घरात आणला. तरीही ती वीज तारेतून येणाऱ्या विजेच्या कित्येक पट महाग होती. मग ती घेतली कोणी? मेक्सिकोच्या आखातातल्या तेलकंपन्यांनी. तिथल्या फलाटांवर इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे पुन्हा चार्ज न होणाऱ्या अवजड बॅटऱ्यांवर चालत. त्या बदलायला बोट किंवा हेलिकॉप्टर धाडावे लागे आणि जुन्या बॅटऱ्या बऱ्याचदा समुद्रातच टाकल्या जात. खरा खर्च विजेचा नव्हता, खेपेचा होता. जपानने हेच आधी ओळखले होते: नागासाकी प्रांतातल्या ओगामी बेटाच्या दीपगृहावर १९६६ मध्येच २२५ वॅटचे पॅनेल बसले. अमेरिकेच्या तटरक्षक दलात लॉइड लोमर यांनी बोयांवरच्या दिव्यांसाठी हाच हिशेब मांडला आणि ते दिवे हळूहळू सूर्यावर आले.

छोट्या होडीचा प्रश्न याच जातीचा. नांगरून ठेवलेल्या होडीची शिसे-आम्लाची बॅटरी काही न करताही दर महिन्याला थोडी उतरते, उकाड्यात जास्तच. त्यात तळाचे पाणी उपसणारा पंप अधूनमधून आपोआप सुरू होतो. उतरलेली बॅटरी तशीच राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची ताकद कायमची घटते. इथे काही वॅटचे पॅनेलही पुरते. कोणी म्हणेल, इंजिन आहेच की चार्ज करायला. आहे, पण बॅटरी भरत आली, की ती थोडाथोडाच प्रवाह घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात आणि तेवढ्यासाठी डिझेल इंजिन बिनभाराचे चालवणे इंजिनालाच बाधते. दिवसभर संथ प्रवाह देणे हेच तर लहान पॅनेलचे काम.

या बॅटरीने पॅनेलला आपले मापही दिले. सिलिकॉनचा एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. १२ व्होल्टची बॅटरी पुरती भरायला १४ व्होल्टहून थोडे अधिक लागतात. उन्हात सेल तापले की व्होल्टेज घटते आणि रात्री प्रवाह उलटा फिरू नये म्हणून लावलेला डायोडही थोडे खातो. म्हणून ३६ सेल, सुमारे १८ व्होल्ट. होड्यांसाठी तीसेक सेलची पॅनेलेही निघाली होती, म्हणजे बॅटरी भरताच प्रवाह आपोआप मंदावेल आणि नियंत्रकाचा खर्च वाचेल. थंड हवेत ती युक्ती जमे. उष्ण किनाऱ्यांवर मात्र बॅटरी अर्धवट भरायची. त्यामुळे छत्तीसच टिकले.

यावर रास्त आक्षेप असा, की रेल्वेचे सिग्नल आणि डोंगरावरचे दूरसंचार मनोरेही त्याच काळात पॅनेल घेत होते. सगळे श्रेय समुद्राला कसे? सगळे नव्हेच. पण त्या ठिकाणीही माणूस नाही, तार नाही आणि बॅटरी एकटी, हीच अट होती. समुद्रावर ती सर्वांत कडक होती आणि बर्मन यांच्या पॅनेलांना मोठे गिऱ्हाईक तिथेच भेटले. पुढे गच्चीवर पॅनेल थेट तारांना जोडले गेले, तिथे १२ व्होल्टचा संबंधच उरला नाही. तरी महाराष्ट्रातल्या गृहसंस्थांच्या गच्च्यांवर गेल्या दशकात बसलेल्या कितीतरी पॅनेलांवर ७२ सेल मोजता येतात, म्हणजे छत्तीसची बरोबर दुप्पट.