डिझेलचा काटा आणि माझी एक चुकलेली बातमी

गेले दोन दिवस आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. जुना पिकअप, 20 लिटर डिझेल टाकलं, काटा जागचा हलला नाही आणि पंपावरच्या पोराला चारचौघांनी घेरलंय. खाली शिव्यांचा पाऊस. मला त्या पंपाची बाजू घ्यायची नाही. पण काट्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एकदा एका पोराचं नुकसान केलंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी थोडा इतिहास. पिकअप या गाडीचा जन्मच मुळात काट्याशिवाय झाला. फोर्ड कंपनीने अमेरिकेत 1925 साली कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल किती आहे हे बघायचं तर खाली उतरायचं, गादी उचलायची, झाकण काढायचं आणि आत काठी बुडवायची. काठी जिथपर्यंत ओली, तितकं पेट्रोल. शिवाय पंप नसल्याने पेट्रोल नुसत्या उतारावर वाहत इंजिनात जायचं. टाकीत कमी असलं आणि चढ खडा असला, की इंजिन उपाशी. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे!

त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डला चिकटून आली. आतला फ्लोट थेट समोरचा आकडा फिरवायचा. मध्ये वायर नाही, करंट नाही. बिघडायला फार काही नव्हतंच. पण पेट्रोलची टाकी जवळजवळ मांडीवर घेऊन बसणं धोक्याचं. पुढे टाक्या मागे आणि चासीखाली गेल्या, आणि टाकी व काटा यांच्यामध्ये वायर आली. इथूनच काट्याच्या खोटेपणाला सुरुवात झाली.

जुन्या गाडीत ही सगळी भानगड कशी चालते ते आमच्या गॅरेजवाल्याने मला एकदा टाकी उतरवून दाखवलं. आत एका दांडीला फ्लोट. डिझेलबरोबर तो वरखाली होतो. दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत फिरतं आणि करंट कमीजास्त करतं. तो करंट डॅशबोर्डमधली दोन धातूंची पट्टी तापवतो, पट्टी वाकते, काटा सरकतो. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून टाकी भरल्याबरोबर काटा टणकन उडी मारत नाही.

आता यात बिघडायला किती जागा आहेत बघा. पंधरा-वीस वर्षं घासून तार झिजते. चिखलपाण्याने टाकीची अर्थिंग गंजते, मग कंपनीनुसार काटा उगाच वर तरी बसतो नाहीतर खाली तरी. फ्लोटला बारीक भोक पडलं की त्यातच डिझेल शिरतं आणि तो बुडतो. टाकीला दगड लागून पोचा आला की सगळा हिशेबच बदलतो. राहुड घाट चढताना डिझेल टाकीत एका बाजूला जातं, तिथे काटा वेगळंच बोलतो.

1988 मध्ये टाटामोबाइल आली, पुढे महिंद्राचे पिकअप आले आणि आपल्याकडचा टोमॅटो, दूध, जनावरं, लग्नाचं वऱ्हाड सगळं याच गाड्यांवर आलं. जुने ड्रायव्हर काट्याकडे बघतच नाहीत. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, ॲव्हरेजने भागायचं. कारण जुन्या डिझेल गाडीची टाकी एकदा कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. लाइनमध्ये एअर घुसते. मग नट ढिले करा, हातपंप मारा, फेस जाईपर्यंत थांबा. तोवर पिंपळगावचा लिलाव संपलेला असतो.

आता माझी गोष्ट. 2011 साली एक पिकअपवाला माझ्याकडे तणतणत आला. "भाऊ, वीस लिटरचे पैसे दिले, काटा पाव टाकीच्या वर जाईना. लुटतात हे लोक." मी गाडीत बसलो, काटा बघितला, फोटो काढला. पंपावर जाऊन माप घ्यायला लावलं नाही. बातमी लागली. पंपमालकाने स्वतःची कातडी वाचवायला नोझल धरणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. पंधरवड्याने तपासणी झाली, माप बरोबर निघालं. महिनाभराने तोच पिकअपवाला चहाच्या टपरीवर हसत सांगत होता, "फ्लोटच डिझेल पिऊन बसला होता, भाऊ." मला काही हसू आलं नाही. मी खुलासा छापायला हवा होता. आज छापू, उद्या छापू करत राहून गेला. ते पोरगं चाकणला गेलं एवढं कळलं, पुढचं माहीत नाही.

याचा अर्थ पंपांवर चोरी होत नाही असा नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात मशिनमध्ये चिप बसवून माप मारणारे पंप सापडले आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यातही छापे घातले. पण ती चोरी माप घेऊन सिद्ध झाली, काटा बघून नाही. पंपाच्या मशिनवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. तुमच्या डॅशबोर्डवरच्या काट्यावर कुणाचाच नसतो.

म्हणून शंका आली तर एवढंच करा. डिझेल टाकण्याआधी मशिनवर शून्य बघा. शंका पक्की असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मागायचा हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर त्या मापाचा व्हिडिओ काढा, वैधमापन खात्याकडे तक्रार करा आणि मला पाठवा. बातमी मी लावतो. माप द्यायला नकार दिला, तर त्याचीही लावतो.

पण नुसत्या काट्याचा फोटो घेऊन यापुढे कुणी आलं, तर मी आधी एकच विचारणार आहे : फ्लोट कधी बघितला होता?