खगोल कॅमेरा : मांडणी व चाचणी (सिंधुदुर्ग किनारा)

खगोल कॅमेरा : तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका अशा अंधूक खगोलीय वस्तूंची लांब एक्स्पोजरची छायाचित्रे घेण्यासाठी बनवलेला, थंड ठेवता येणारा डिजिटल कॅमेरा. दिसायला हा हातात मावेल एवढा धातूचा डबा. त्याला पडदा नाही, बटणे नाहीत, स्वतःची बॅटरीही नाही. पुढे काच, तिच्यामागे बंद कोठीत सेन्सर, सेन्सरच्या पाठीला पेल्टिये शीतक आणि मागे पंखा. संगणकाकडे जाणारी यूएसबी केबल जोडल्याशिवाय तो काहीच करत नाही, आणि 12 व्होल्टच्या विजेशिवाय थंड होत नाही. पूर्वी यात सीसीडी सेन्सर असत. आता बहुतेक ठिकाणी सीमॉस आहेत. सोनीचा आयएमएक्स 571 (सुमारे 26 मेगापिक्सेल, 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल, 16 बिट) आणि चौकोनी आयएमएक्स 533 (सुमारे 9 मेगापिक्सेल, तेवढाच पिक्सेल) हे हौशी निरीक्षकांकडे सर्रास दिसणारे सेन्सर. कंपन्या अनेक असल्या तरी आतला सेन्सर बऱ्याचदा एकच असतो, म्हणून चाचणीची रीतही सारखीच राहते.

ही नोंद मालवण किनाऱ्यापुरती लिहिली आहे, कारण या कॅमेऱ्याविषयीचे बहुतेक सल्ले थंड, कोरड्या देशांतून आलेले आहेत आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मालवण साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर असतो, पण त्याच्या बदल्यात दक्षिणेचे आकाश भरभरून मिळते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा महागुच्छ मध्यमंडलावर येतो तेव्हा 26 अंशांहून थोडा वर असतो, अगस्ती 21 अंशांवर, आणि कराइना तेजोमेघ सुमारे 14 अंशांवर. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना जे कधीच दिसत नाही, ते आचऱ्याच्या किंवा देवगडच्या जांभ्याच्या सड्यावरून नारळीच्या शेंड्यांवर उभे असते. या आकाशाची किंमत मात्र हवेत मोजावी लागते. जून ते सप्टेंबर आकाश जवळपास मिटलेले, आणि उघडे असते तेव्हाही हवा दमट व खारट.

या किनाऱ्याला खगोलीय छायाचित्रणाचा जुना वारसा आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकयर यांची तुकडी विजयदुर्गला उतरली होती. सोबत भिंगापुढे प्रिझम बसवलेले कॅमेरे होते. ग्रहणाच्या क्षणी सूर्याच्या कडेची कोर प्रत्येक रंगरेषेत वेगळी उमटावी आणि ती काचेच्या प्लेटवर टिपता यावी, अशी ती रचना. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना मदतीला घेतले होते आणि त्यांच्याकडून ग्रहणाआधी पुन्हा पुन्हा कवायत करून घेतली होती, कारण खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाचे कट्टे’ म्हणवणाऱ्या चौथऱ्यांशी हेलियमच्या शोधाची कथा जोडली जाते आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. किल्ल्याविषयीचे हे प्रेम मोलाचे आहे, पण तपशील नीट ठेवायला हवा. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात फ्रेंच संशोधक जान्सेन यांनी वेध घेतले ते गुंटूरहून. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते आणि वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना पाहिली. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, आणि आले तेव्हा कॅमेरे घेऊन आले. सिंधुदुर्गाच्या अभिमानाला एवढी खरी गोष्ट पुरेशी आहे.

पावसाळ्यातील चाचणी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवतात आणि त्या दिवसांत जाळी विणली, सांधली जातात. खगोल कॅमेऱ्याचेही तेच दिवस असतात. आकाश नसताना, घरात, झाकण लावून होणारी कामे थोडीथोडकी नाहीत, आणि ती ज्याने जूनमध्ये केली त्याला डिसेंबरची अमावास्या पूर्ण वापरता येते.

पहिले काम सेन्सर मोजण्याचे. झाकण लावून सर्वांत लहान एक्स्पोजरच्या दोन फ्रेम घ्यायच्या. यांना बायस म्हणतात. एकीतून दुसरी वजा केली की कायमचा नक्षीदार भाग निघून जातो आणि निव्वळ यादृच्छिक खळबळ उरते. तिचे प्रमाण विचलन भागिले 2 चे वर्गमूळ, म्हणजे एका फ्रेमचा वाचन-गोंधळ. पण तो अजून कॅमेऱ्याच्या एककांत असतो. त्याचे इलेक्ट्रॉन करण्यासाठी दोन फ्लॅट लागतात. त्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे सुती कापड ताणून, एकसारख्या उजेडात, सेन्सर निम्मा भरेल इतके एक्स्पोजर द्यावे. दोन्ही फ्लॅटच्या सरासरींची बेरीज उणे दोन्ही बायसच्या सरासरींची बेरीज, हा झाला अंश. फ्लॅटच्या वजाबाकीचे प्रचरण उणे बायसच्या वजाबाकीचे प्रचरण, हा झाला छेद. भागाकार म्हणजे एका एककामागे किती इलेक्ट्रॉन. समजा तो 0.25 आला आणि बायसच्या वजाबाकीचे विचलन 8.5 आले, तर 8.5 भागिले 1.414 म्हणजे 6, आणि त्याला 0.25 ने गुणले की वाचन-गोंधळ दीड इलेक्ट्रॉन. आयएमएक्स 571 च्या उच्च-गेन (जास्त विवर्धनाच्या) अवस्थेत साधारण हीच संख्या यायला हवी. फारच वेगळी आली तर दोष कॅमेऱ्याचा असेल असे नाही. बहुधा वीजपुरवठा, केबल किंवा मोजणाऱ्याची घाई आडवी आलेली असते. शार्पकॅपसारख्या प्रणालीत हे मोजमाप एका कळीवर होते, तरीही एकदा हाताने करून पाहावे. आपल्या हाताने काढलेला आकडा लक्षात राहतो, आणि पुढे एक्स्पोजर ठरवताना तोच कामी येतो.

याच बैठकीत ऑफसेट, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात कॅमेरा मिळवतो तो ठरावीक आकडा, तपासावा. बायस फ्रेममधला एकही पिक्सेल शून्यावर चिकटलेला नसावा. असला तर ऑफसेट वाढवावा. 14 बिटांच्या कॅमेऱ्यात आकडे 4 च्या पटीतच दिसतात, त्याने गोंधळू नये.

दुसरे काम प्रकाशगळतीचे. रात्री अंधाऱ्या खोलीत झाकण लावून 300 सेकंदांची एक फ्रेम घ्यावी, मग खोलीतला दिवा लावून तशीच दुसरी. सरासरी हलली तर कुठून तरी उजेड शिरतो आहे. प्लॅस्टिकचे झाकण डोळ्यांना काळे दिसले तरी त्यातून अवरक्त किरण जाऊ शकतात, म्हणून वर धातूचे झाकण किंवा ॲल्युमिनियमची फॉइल लावावी. ही साधी चाचणी न केल्याने आख्ख्या हंगामाच्या डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या आणि छायाचित्रातून वजा करायच्या फ्रेम, वाया जातात.

तापमान कोणते ठेवावे. इथे मालवणला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो. पेल्टिये शीतक भोवतालच्या हवेपेक्षा साधारण 35 अंश खाली जातो. जानेवारीच्या 20 अंशांच्या रात्री उणे 10 सहज गाठता येते. एप्रिलच्या 27 अंशांच्या रात्री पूर्ण जोर लावूनही उणे 8 च्या पुढे तो सरकत नाही. डार्क फ्रेमचा संग्रह उणे 10 चा आणि प्रत्यक्ष छायाचित्र उणे 8 चे, असे झाले की वजाबाकी चुकते. म्हणून वर्षभर एकच तापमान धरावे, आणि ते असे असावे की सर्वांत उकाड्याच्या रात्रीही शीतकाचा जोर 80 टक्क्यांच्या आत राहील. या किनाऱ्यावर ते शून्य किंवा उणे 5 येते. यात नुकसान जवळजवळ नाही. सेन्सरचा अंधार-प्रवाह दर 6-7 अंशांना निम्मा होतो हे खरे, पण आयएमएक्स 571 मध्ये शून्य अंशालाही 300 सेकंदांत एका पिक्सेलमागे एका इलेक्ट्रॉनहून कमी साचतो. आकाशाचा उजेडच त्याच्या कितीतरी पट असतो. मोठा उणे आकडा लावण्यात समाधान असेल. चित्रात ते दिसत नाही. एकदा तापमान ठरले की 60, 120 व 300 सेकंदांच्या प्रत्येकी 30-40 डार्क पावसाच्या रात्रीत घेऊन ठेवाव्यात.

दहिवर. किनाऱ्यावरच्या छायाचित्रांचा खरा शत्रू चंद्र नव्हे, दहिवर आहे. हवा 26 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली तर दवबिंदू 23 अंशांच्या थोडा वर येतो. उघड्या आकाशाकडे तोंड करून असलेली काच स्वतःची उष्णता आकाशाला देत राहते आणि हवेपेक्षा काही अंश सहज थंड होते. म्हणजे हे तीन अंशांचे अंतर तासाभरात संपते. आधी ताऱ्यांभोवती हलके वलय येते. मग अंधूक तारे गळतात, आणि पडद्यावर फोकसचा आकडा कारण नसताना वाढू लागतो. बॅटरी पुढच्या भिंगावर तिरकी मारली की वर दुधासारखा थर दिसतो. हे झाले दुर्बिणीचे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या काचेवर दव आले तर खूण वेगळी असते: चित्राच्या मधोमध गोल, धूसर डाग पडतो आणि तो दुर्बीण कुठेही वळवली तरी जागचा हलत नाही. तसा डाग दिसला तर कॅमेऱ्याच्या काचेभोवतीचा हीटर चालू आहे का ते पाहावे. सेन्सरच्या कोठीतच ओल शिरली असेल तर ओलशोषक वड्या बदलाव्या लागतात, पण ते काम मालवणच्या जुलैत करू नये. उघडलेल्या कोठीत तीच दमट हवा भरेल. थंडीत, एसीने कोरड्या केलेल्या खोलीत करावे.

उलटी चूकही नेहमीची आहे. तारकर्लीला एसी खोलीत उतरलेला पाहुणा थंडगार कॅमेरा थेट अंगणात काढतो आणि क्षणात त्याला घाम फुटतो. पेटी बंद ठेवूनच बाहेर आणावी, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, मग उघडावी. परतताना शीतक एकदम बंद न करता तापमान हळूहळू वर आणावे आणि झाकण बाहेरच लावावे.

खार हळू काम करतो, पण करतोच. केबलच्या टोकांवर पितळेला चढतो तसा हिरवा कळंक चढतो आणि भर मध्यरात्री कॅमेरा संगणकाला दिसेनासा होतो. टोके दर महिन्याला पुसावीत, सामान 40 ते 50 टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात ठेवावे. संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई सुटेपर्यंत दुर्बिणीचे झाकण काढू नये.

सड्यावरील मांडणी. वाळूत तिपाईचे पाय रात्रभर खचत राहतात. जांभ्याचा सडा हलत नाही. शिवाय नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम असतो. वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर माद्या अंडी घालायला येतात आणि पिल्ले उजेडाकडे भरकटतात. त्यामुळे या महिन्यांत वाळूवर दिवे घेऊन बसूच नये, हे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. सड्यावरही लाल बॅटरीच वापरावी.

दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण ध्रुव इतका खाली असल्याने तो माडांत किंवा धुरकट थरात हरवतो. अशा वेळी तारे ओळखून दिशा काढणाऱ्या संगणकी पद्धतीने माउंट लावावा. काही माउंटमध्ये 16 अंशांवर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. हे घरीच पाहून ठेवावे. वीज सड्यावर नसते: कॅमेरा, माउंट, हीटर आणि संगणक मिळून सुमारे 5 अँपिअर धरले तर सहा तासांना 30 अँपिअर-तास लागतात. 50 ची लिथियम बॅटरी असली की निश्चिंती.

दुर्बिणीच्या शेवटच्या भिंगापासून सेन्सरपर्यंत बहुतेक ठिकाणी 55 मिलिमीटर अंतर हवे असते. मध्ये फिल्टर असला तर त्याच्या जाडीचा एक तृतीयांश त्यात मिळवावा. 2 मिलिमीटरच्या काचेला सुमारे 0.7. मग डोक्यावरच्या दाट ताऱ्यांच्या भागाचे 30 सेकंदांचे चित्र घेऊन चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही कोपऱ्यांत तारे सारखेच ताणलेले असतील तर अंतर चुकले. एकाच बाजूला ताणलेले असतील तर सेन्सर तिरका बसला आहे. 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल आणि 400 मिलिमीटर नाभ्यंतर असता एका पिक्सेलमध्ये 1.94 विकला मावतात, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक रात्रींना एवढे पुरते.

एक्स्पोजर किती द्यावे ते जूनमध्ये काढलेल्या आकड्यावरून ठरते. आकाशाचा उजेड वाचन-गोंधळाच्या वर्गाच्या दहापट साचला की पुरे. गोंधळ 1.5 असेल तर ही मर्यादा 22.5 इलेक्ट्रॉन. चाचणीच्या चित्रात आकाश सेकंदाला अर्धा इलेक्ट्रॉन देत असेल तर 45 सेकंद पुरेसे होतात. याच आकाशाखाली 3.3 इलेक्ट्रॉन गोंधळाच्या अवस्थेत मात्र सुमारे 218 सेकंद लागतील. म्हणून गेन आधी ठरवावा, एक्स्पोजर नंतर.

पश्चिमेचे क्षितिज हे या किनाऱ्याचे वैभव, आणि तेच आता समुद्रातल्या एलईडी दिव्यांनी डागाळते आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांचा या दिव्यांविरुद्धचा लढा माशांसाठी आहे, पण त्यात आकाशाचेही रक्षण आहे. खगोलप्रेमींनी त्यांच्या बाजूने उभे राहावे. आपल्या वाडीतल्या पथदिव्यांना वरून झाकण बसवून घेण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्जही द्यावा. ओमेगा सेंटॉरी एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडलावर येतो. तोवर दिव्यांवर झाकणे बसलेली असली तर पहिले चित्र त्याचेच घ्यावे.