ऑपरेटिंग सिस्टीममधील पासवर्डचोरी

वापरकर्त्याने एकदा लॉग-इन केले की त्याची ओळख पटवणारी माहिती ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःजवळ ठेवते, म्हणजे दर फाइलला पासवर्ड विचारावा लागत नाही. ही माहिती तिथून उचलणे हा या चोरीचा गाभा. विंडोजमध्ये ती 'एलसॅस' या प्रक्रियेच्या मेमरीत असते. स्थानिक खात्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे गणिती ठसे, 'सॅम' या साठ्यात, तर साऱ्या डोमेनचे, म्हणजे संस्थेच्या एकत्र जोडलेल्या संगणकजाळ्याचे, हॅश डोमेन कंट्रोलर या सर्व्हरवर. लिनक्समध्ये हॅश शॅडो फाइलमध्ये असतात. हॅश म्हणजे पासवर्ड नव्हे, पण विंडोजच्या एनटीएलएम पद्धतीत नुसता हॅश दाखवूनही आत शिरता येते. तिथे पासवर्डची लांबी कामी येत नाही.

बेंजामिन डेल्पी या फ्रेंच प्रोग्रॅमरच्या 'मिमिकॅट्झ'ने 2011 पासून हा दोष उघड्यावर आणला. 27 जून 2017 रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या' या मालवेअरमध्ये त्याच धर्तीची सोय होती. त्या हल्ल्यात मर्स्क समूहाचे न्हावा शेवा येथील कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. विंडोजसाठी मार्चमध्ये आलेली सुरक्षा दुरुस्ती बसवलेले संगणकही त्यात सापडले, कारण शेजारच्या संगणकातून चोरलेल्या अधिकारांनी ते रीतसर उघडले जात होते.

धोका वाढतो तो सवयीने. समजा, अहिल्यानगरच्या एखाद्या बँकेच्या मुख्य कार्यालयातील डोमेन अ‍ॅडमिनने राहुरी शाखेतील काउंटरचा प्रिंटर जोडायला रिमोट सत्र उघडले आणि लॉग-आउट न करता नुसती खिडकी मिटवली, तर साऱ्या शाखांची किल्ली त्या काउंटरच्या मेमरीत पडून राहते.

चोरी ओळखायची तर एलसॅसची मेमरी कोण वाचते, याची नोंद हवी. मायक्रोसॉफ्टच्या 'सिसमॉन' या नोंदी ठेवणाऱ्या साधनात ती घटना क्रमांक 10 खाली येते. मात्र अँटिव्हायरसही एलसॅसमध्ये डोकावतो, आणि मायक्रोसॉफ्टचेच 'प्रोकडम्प' हल्लेखोर वापरतात; त्यामुळे नेहमीचे वाचणारे कोण, याची यादी आधी तयार नसेल तर इशाऱ्यांच्या गर्दीत खरा इशारा हरवतो. काउंटरच्या खात्याने अचानक सर्व्हरवर लॉग-इन करणे ही त्याहून ठळक खूण.

बचावासाठी विंडोजमधील 'क्रेडेन्शियल गार्ड' ही सोय ओळखीची माहिती मुख्य सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या 'लॅप्स' या सोयीमुळे प्रत्येक संगणकाचा स्थानिक अ‍ॅडमिन पासवर्ड निराळा होतो. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवणाऱ्या संस्थांनी सुरुवात इथूनच करावी. डोमेन अ‍ॅडमिनचे खाते साध्या संगणकावर वापरू नये. डोमेनचे हॅश गेल्याचे दिसले, तर 'केआरबीटीजीटी' या डोमेनच्या अंतर्गत खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण मागचा पासवर्डही सिस्टीम लक्षात ठेवते.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. 19 ऑक्टोबर 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील नागरी बँका तिच्या कक्षेत येतात. राज्याच्या सहकार खात्याखालील पतसंस्था येत नाहीत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.